आधी काठ बघ, मग नक्षी

पोरी, दुकानात गेलीस की मांडून ठेवलेल्या नक्षीला भुलू नकोस. एक पट्टी हातात घे आणि तिचा काठ बघ. वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली प्लायचे आडवे-उभे थर दिसले, तर ते इंजिनिअर्ड वूड. वर नुसता लाकडाचं चित्र छापलेला कागद असेल, तर ते लॅमिनेट. दुकानदार दोन्हींना ‘वुडन फ्लोअरिंग’च म्हणतो. लॅमिनेट वाईट असं नाही, पण त्याला लॅमिनेटचेच पैसे द्यावेत.

वरचा थर मोजून घे. तो अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असेल, तर पुढे ओरखडे पडले की ते बघत बसायचं. ३-४ मिलिमीटर असेल, तर जमीन दोन-तीनदा घासून पुन्हा पॉलिश करता येते. पैसे घालायचे ते इथे घाल.

आता नक्षी. हेरिंगबोनमध्ये पट्ट्या साध्या आयताकृती असतात, एकीचं टोक दुसरीच्या कडेला भिडतं. शेव्हरॉनमध्ये टोकं तिरकी कापलेली असतात, त्यामुळे बाणांच्या टोकांची सरळ रेघ खोलीभर धावते. ती रेघ एका जागी हलली की शेवटपर्यंत डोळ्यात खुपते. हेरिंगबोन लहानसहान चुका पोटात घालते, म्हणून आपल्या घराला मी तीच सांगेन. तिसरी ती व्हर्सायची चौकटीची नक्षी. फ्रान्सच्या त्या राजवाड्यात १६८४ साली संगमरवर काढून ती बसवली, कारण फरशी धुता धुता पाणी झिरपून खालच्या तुळया कुजत होत्या. दालनात ती शोभते. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये पलंग-कपाट ठेवल्यावर दिसणार किती?

घेताना मोजमापापेक्षा दहा-पंधरा टक्के माल जास्त घे, कडेला कापाकापी फार होते. खटक्याने जोडायच्या हेरिंगबोनमध्ये डाव्या-उजव्या पट्ट्या वेगळ्या येतात. दोन्ही सारख्याच आल्यात ना, ते माल उतरवतानाच मोज.

आणि ओल! नव्या कोब्यावर घाई नको, तो वाळायला मिलिमीटरमागे एक दिवस तरी धर. जमिनीवर दोन फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटव. दुसऱ्या दिवशी खाली थेंब दिसले, तर मिस्त्रीला परत पाठव, तो कितीही कुरकुरला तरी. तळमजल्यावर तर हे टाळूच नकोस. पट्ट्याही दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवू देत. भर पावसाळ्यात काम काढू नकोस.

आपल्याकडे भिंती गुण्यात असतातच असं नाही. म्हणून भिंतीला धरून सुरुवात करू देऊ नकोस, खोलीच्या मधोमध दोरी मारून तिथून निघायला सांग. कडेला दहा मिलिमीटर मोकळे सोडायचे, लाकूड फुगायला जागा लागते. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. जुन्या फरशीवरच बसवणार असशील, तर दारं खालून तासावी लागतील, तो खर्च आधीच विचारून ठेव.

स्वयंपाकघर आणि बाथरूम यातून वगळ. कामवाल्या मावशींनाही पहिल्याच दिवशी सांग की बादलीभर पाणी नको, घट्ट पिळलेला फडका पुरे.

उरलेला एक बॉक्स माळ्यावर टाक. पुढे पट्टी बदलायची वेळ आली, तर त्याच छटेचा माल दुकानात मिळेल याचा भरवसा नसतो.