सूर्यावरील हरवलेला रुबिडियम

सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम हे आवर्तसारणीच्या पहिल्या गणातील धातू आहेत. त्यांच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १. तर रुबिडियमचे २, ८, १८, ८, १. गणात खाली जावे तसा हा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो व सहज सुटतो. तो काढण्यास सोडियममध्ये ५.१४, तर रुबिडियममध्ये ४.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते.

पृथ्वीवर सापडणाऱ्या रुबिडियमच्या रेषा सूर्याच्या वर्णपटात मात्र आढळत नव्हत्या. मग सूर्यावर रुबिडियम नाहीच काय? कोलकाता विद्यापीठातील मेघनाद साहा यांनी १९२० साली निराळे उत्तर दिले. सूर्यपृष्ठाच्या प्रखर उष्णतेत रुबिडियमचे बहुतेक अणू आपला सैल इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात. आयनाचे संरूपण क्रिप्टॉन या निष्क्रिय वायूसारखे असते, आणि त्याच्या ठळक रेषा डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात पडतात. (सोडियमचेही पुष्कळ अणू असेच आयन होतात, परंतु सूर्यावर सोडियम विपुल असल्याने त्याच्या रेषा टिकून राहतात.)

सौरडाग त्यामानाने थंड असतात. तेथे रुबिडियमचे काही अणू अखंड उरले पाहिजेत, असे साहांचे अनुमान होते. १९२२ साली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना सौरडागांच्या वर्णपटात त्या रेषा सापडल्या.