परसबागेत थंडीआधी काय लावावं?

प्रश्न : घरामागे अर्धा गुंठा काळी जमीन आहे. थंडीआधी कोणती भाजी लावू?
– एक वाचक भगिनी, परतूर, जि. जालना

उत्तर : ताई, आधी वाफसा येऊ द्या. आपल्या चिकट काळ्या मातीत गाजर-मुळा वेडावाकडा वाढतो, म्हणून त्यांना गादीवाफाच करा आणि कुजलेलं शेणखत घाला. मेथी, पालक दर 15 दिवसांनी थोडे थोडे पेरा. महिनाभरात जुडी हाती येते. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मगच पेरा. अख्खा धना उगवायला फार रेंगाळतो. लसणाच्या बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या निवडा, टोक वर ठेवून 10 सेंमीवर टोचा. वाटाण्याची घाई नको. ऑक्टोबरचं ऊन ओसरलं की ‘अर्केल’ हे वाण लावा. कोबीची रोपं संध्याकाळीच लावा, लगेच पाणी द्या.