पोटरी लवते म्हणून

मिरज

चि. ओंकार,


रात्री अडीचला पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. दोन्ही पोटऱ्यांत सतत काहीतरी वळवळतं, डावी पापणी आठवडाभर फडफडतेय, उजव्या अंगठ्याजवळचं मांस मधूनच उडतं, तळपायाला मुंग्या येतात, अभ्यासिकेत बसल्या बसल्या पाय गळून गेल्यासारखा वाटतो. आणि अगदी शेवटी, "मावशी, हा एएलएस तर नसेल ना?" आईला यातलं काहीच सांगितलं नाहीस, हेही लिहिलंयस. मला लिहिलंस हे फार बरं केलंस. फोनवर दिलेला धीर रात्रीपर्यंत टिकत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. तुझं निदान मी करणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण मोटर न्यूरॉन डिसीजची, म्हणजे एएलएस ज्या गटात मोडतो त्या आजारांची, माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना खुर्चीतून उठवलंय, आखडलेले सांधे हलवलेत, छातीचे व्यायाम करून घेतलेत. हा आजार घरात कसा शिरतो ते मला ठाऊक आहे, आणि तू लिहिलेलं वर्णन त्याच्याशी जुळत नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार होते, साठीच्या आसपासचे. ऑक्टोबर छाटणीत त्यांच्या लक्षात आलं की कात्री दाबत नाही. आधी वाटलं धार गेली, म्हणून नवी कात्री आणली. तीही दाबेना. मग एकेक काडी तोडायला दोन्ही हात लावू लागले. पुढच्या काही महिन्यांत सदऱ्याची वरची बटणं सून लावून द्यायला लागली. दुखत काही नव्हतं, मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. मेंदूविकारतज्ज्ञांनी सदरा काढायला सांगितला तेव्हा खांद्यावर आणि पाठीवर मांस लवताना दिसलं. त्यांना स्वतःला ते जाणवलंच नव्हतं, घरातही कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. माझ्याकडे येत होते तोवर त्यांची एकच तक्रार होती : हात काम करीना.

ओंकार, हे नीट ध्यानात घे. या आजारात मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात. पेशी गेली की तिच्या ताब्यातले स्नायूचे तंतू निराधार होतात, त्यामुळे स्नायूतलं बळ जातं आणि तो सुकत जातो. म्हणून माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुधा काहीतरी जमेनासं झालं म्हणून. पायातली चप्पल नकळत निसटते, पाऊल जमिनीवर थाडकन आपटतं, कुलपात किल्ली फिरत नाही, जीभ जड होऊन शब्द बोबडे निघतात. आणि जे गेलं ते विश्रांती घेऊन परत येत नाही. तू मात्र अभ्यासिकेच्या तीन मजल्यांचा जिना दिवसातून चारदा चढतोस, तासन् तास लिहितोस, रविवारी क्रिकेट खेळतोस. पाय 'गळाल्यासारखा वाटणं' आणि पाय उचलता न येणं यांत फार मोठं अंतर आहे. डॉक्टर तपासताना आधी तेच पाहतात.

मग हे मांस उडतं कशाने? एकेका चेतातंतूच्या टोकाला अनेक फाटे असतात आणि ते स्नायूच्या तंतूंच्या एकेका जुडग्याला जाऊन मिळतात. हे फाटे चिडले की वरून हुकूम नसताना आपोआप ठिणगी पडते, ते जुडगं आकसतं आणि कातडीखाली लवलव दिसते. डॉक्टर त्याला फॅसिक्युलेशन म्हणतात. अपुरी झोप, चहा-कॉफी, दमवणारा व्यायाम, घाम गाळून पाणी कमी पिणं, ताप येऊन गेलेला असणं, काही औषधं, थायरॉईडचा बिघाड, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम कमी असणं आणि मनाचा ताण, यातलं काहीही त्याला पुरतं. निरोगी माणसांत ते सगळ्यात जास्त पोटरीत आणि पापणीत दिसतं. आपल्या आज्या पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ आणि बाईचा डावा, असा हिशेब मांडून बसायच्या. त्यांच्या घरात डोळा न लवणारं माणूस कुठून सापडणार? आता तुझा दिनक्रम आठव. मेसमधलं जेवण अर्धवट, रात्रभर चहा, चार तास झोप, आणि पूर्व परीक्षा तोंडावर. अशा अंगात पोटरी लवली नसती तरच नवल.

मुंग्यांचं वेगळं सांगते. एएलएसमध्ये स्पर्श आणि संवेदना बहुधा शाबूत राहतात. मुंग्या येणं हे त्या आजाराकडे नव्हे, दुसरीकडे बोट दाखवतं. आपण शाकाहारी. बी-१२ कमी असणं आपल्याकडे घरोघरी सापडतं आणि त्याने हातापायांना मुंग्या येतात. ते वेळेत भरून काढलं नाही तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष नको. घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो आणि तेवढ्यानेही बोटांना, ओठांना मुंग्या येतात. रात्री अडीचला तुझं तेही होत असणार.

तू आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहतोस आणि ती थरथरते, असं लिहिलंयस. कुणाचीही जीभ बाहेर काढली की थरथरते. डॉक्टर जीभ पाहतात ती तोंडातच, खाली सैल टेकवलेली असताना. दोन्ही हातांचे अंगठे शेजारी ठेवून कुठला बारीक ते मोजतोस. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचे दोन्ही हात सारखे नसतातच. पायाच्या चवड्यांवर पन्नास-पन्नासदा उठून ताकद तपासतोस, मग पोटऱ्या दमतात, जास्त लवतात आणि तू म्हणतोस, बघ, वाढलं. ही तपासणीच तुझा आजार वाढवते आहे. ती आजपासून बंद कर. तुला जे कळायला हवंय ते आरशातून कळणारच नाही. त्यासाठी दुसऱ्या माणसाचा शिकलेला हात आणि रिफ्लेक्सची हातोडी लागते.

तुला आकड्यांवर विश्वास, म्हणून सांगते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशाच मांस लवणाऱ्या १२१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. तपासणीत या लोकांत दुसरं काही सापडलं नव्हतं. कुणाचा दोन वर्षं, कुणाचा बत्तीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला. त्यांच्यातल्या एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. यातली 'तपासणीत दुसरं काही सापडलं नव्हतं' ही अट मात्र विसरू नकोस. दिलासा तपासणीनंतरचा आहे, म्हणून तपासणी करायची. हा आजार मुळात दुर्मीळ, पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाखात सुमारे दोघांना होतो आणि बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले असतात. तू लगेच स्टीफन हॉकिंगचं नाव घेशील. खरं आहे, १९६३ मध्ये निदान झालं तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पण त्यांचीही सुरुवात अडखळण्या-पडण्यापासून झाली होती. तरुण मुलाचा एक हात खरोखर बारीक आणि कमजोर होत गेला, तरीसुद्धा डॉक्टर आधी मानेचा एमआरआय करून हिरायामासारखे आजार बघतात. ते काही वर्षांत आपणहून थांबतात आणि आपल्या देशात चांगलेच परिचित आहेत.

आता कामाचं. या आठवड्यात एका फिजिशियनकडे जा. बी-१२, थायरॉईड, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि साखर तपासून घे. त्यांनी सुचवलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना एकदाच भेट. ते तुला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगतील, बोटं पसरून दाब सोसायला लावतील, गुडघ्यावर हातोडी मारतील, तळपायावर किल्लीसारखं काही ओढतील. त्यांना गरज वाटली तरच एनसीव्ही-ईएमजी ही चेतातंतू आणि स्नायूंची विद्युत तपासणी होईल. त्यात स्नायूत बारीक सुई घालतात, थोडं टोचतं, पण चेतातंतू स्नायूला सोडून चालले आहेत का ते त्यातून समजतं. तू होऊन हट्टाने ती मागू नकोस. आणि डॉक्टर 'ठीक आहे' म्हणाले की तिथेच थांबायचं. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, 'सुई नेमकी योग्य स्नायूत घातली होती ना?', हा रस्ता संपत नाही. बागायतदारांसारखं एखादं काम खरोखर जमेनासं झालं, एखादा स्नायू डोळ्याला दिसेल इतका आत गेला, बोलताना-गिळताना अडायला लागलं, तर मात्र त्याच डॉक्टरांकडे परत जायचं, तारखेची वाट न पाहता. नुसतं लवणं वाढलं म्हणून जायचं नाही. ते महिनोन् महिने राहू शकतं, काहींचं तर वर्षानुवर्षं राहतं, आणि तरी निरुपद्रवी असतं.

या भीतीची तुला लाज वाटते, असं तुझ्या शब्दांवरून जाणवलं. लाज कसली? ही भीती डॉक्टरांनाच इतकी ग्रासते की २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी खास डॉक्टरांमधल्या या भीतीवर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. ज्यांनी आयुष्यभर स्नायू अभ्यासले तेही स्वतःचा दंड लवला की हादरतात. भीती खरी आहे, तिचा त्रासही खरा आहे. तपासणीनंतरही ती उतरली नाही, झोप येईना, पुस्तकात लक्ष लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जायचं. सारखं तपासण्याची सवय मोडायला बोलण्याचे उपचार फार उपयोगी पडतात आणि गरज पडली तर औषधंही असतात. रात्री एकटेपणी जीव घाबरा झाला तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास आणि मराठीतही. तो नंबर मोबाईलमध्ये आत्ताच साठवून ठेव.

चहा दोनवर आण. अकरानंतर मोबाईल दुसऱ्याच्या खोलीत ठेव, टेलिमानसला फोन लावायचा झाला तरच घे, लक्षणं शोधायला तर हातात घेऊच नकोस. हे पत्रसुद्धा रोज काढून वाचू नकोस, तीही एक तपासणीच होईल. क्रिकेट सोडू नकोस.

आणि तुझ्या आईला आज संध्याकाळी फोन करून सांग. ती रडेल, दोन दिवस तुला हैराण करेल, पण लपवलेलं नंतर कळण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. सांगायला जड जात असेल तर मला कळव, मी सांगेन. डॉक्टरांची वेळ ठरली की दिवस कळव, मी पुण्याला येते. तू आत असशील तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसेन.

तुझी,
मावशी