संशय आणि चिकित्सा



बौद्ध कशावरच विश्वास ठेवत नाहीत, ते संशयी, असे आपल्याला ऐकवले जाते. उलट धम्मात विचिकिच्छा, म्हणजे शंका, ही पाच नीवरणांपैकी एक मानली आहे. मग बौद्धाने शंका घ्यावी की नाही?

विचिकिच्छा म्हणजे दोन वाटांच्या तोंडाशी उभे राहून एकीवरही पाऊल न टाकणे. चिकित्सा म्हणजे पुरावा मागणे आणि तो पटला की त्याप्रमाणे वागणे. पहिली माणसाला अडवते, दुसरी चालवते.

अंगुत्तर निकायात केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी चिकित्साच शिकवली. परंपरेने आले, ग्रंथात आहे, एवढ्यावरून मानू नका. सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरूनही मानू नका. त्याने लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो हे स्वतः पाहा, मग स्वीकारा किंवा टाका.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले आणि दावा लावला. अस्पृश्यांना तेथे मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट, असे त्यांचे म्हणणे. मग वहिवाटीलाच पुरावा द्यावा लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. जिच्या नावाने माणसाला पाणी नाकारले, ती पुराव्यापुढे टिकली नाही.

आता हीच कसोटी आपल्या घराला लावा. १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. तरी आमच्या वरसे-रोहे भागात शेतावर कोणाला साप चावला, तर भगताकडे न्यावे की दवाखान्यात, हा प्रश्न बौद्ध घरातही निघतो. विषाला मंत्र कळत नाही; त्यावर प्रतिविषाचे इंजेक्शनच लागते. अशा रुग्णाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. प्रश्न विचारण्याची एवढी किंमत पडते.

कोणी म्हणेल, मग बाबासाहेबांचे शब्दही तपासायचे का? अवश्य. तपासून घेतलेला धम्मच संकटात टिकतो. नुसता वारशाने आलेला पहिल्याच तापाला भगताच्या दारात जातो.

लक्षात ठेवा, स्रोतापन्न होताना विचिकिच्छा आणि सीलब्बतपरामास, म्हणजे कर्मकांडाची आसक्ती, ही दोन्ही बंधने एकदमच तुटतात. घरातले मूल "कशावरून?" असे विचारील, तेव्हा त्याला गप्प करू नका. उत्तर द्या, नाहीतर त्याच्याबरोबर शोधा.

जय भीम!