मशीन कुठं अडतं ते आधी बघ

गेवराई, जि. बीड
१६ नोव्हेंबर २०२५



परवा तुझा फोन आला तेव्हा मी अल्बमची शीटं लॅबला पाठवत होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. रात्री तू पाठवलेलं कोटेशन बघितलं. सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप, अठरा हप्ते, आणि खाली तू लिहिलंयस, 'मामा, फोर-के दिल्याशिवाय आता ऑर्डर मिळत नाही.' ते खरं आहे. पण त्यासाठी हाच लॅपटॉप लागतो हे खरं नाही, आणि फोनवर ते पटवून देता येणार नाही म्हणून लिहायला बसलो.

आधी हप्त्याचं बोलतो. तुळशीचं लग्न लागलं, तारखा सुरू झाल्या, तुझ्या वहीत सात ऑर्डरी आहेत, म्हणून तुला धीर आलाय. पण सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते तू तलवाड्यात बसून डोळ्यांनी पाहिलंस. ज्याचा कापूस पाण्यात गेला तो लेकीचं लग्न करीलच, पण करिझ्मा अल्बमची पानं कमी करील आणि निम्मे पैसे 'पुढच्या महिन्यात' म्हणेल. त्याला नाही म्हणायचं तोंड आपल्याला नसतं, आणि नसावंही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातो. गिऱ्हाइकाला थांबू शकणारा फोटोग्राफरच या गावांत टिकतो, आणि डोक्यावर हप्ता असला की थांबता येत नाही.

आता मशीनचं. तुझ्याकडचा डबा मी ओळखतो, मीच २०१८ साली असेंबल करून घेतला होता. आय-फाइव्ह ८४००, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. तू म्हणतोस तो 'स्लो' झालाय. स्लो म्हणजे नेमकं काय? एवढं कर. नेहमीचं व्हिडिओ मिक्सिंग चालू ठेव आणि बाजूला टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्सचं पान उघड. त्यातले प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक, हे चार आलेख बघ. काम जिथं अडखळतं त्या क्षणी चारांतला कोणता शंभराला टेकलाय ते वहीत लिही. दोन दिवस लिही. मला आत्ताच सांगता येतं की तुझी डिस्क शंभरवर असेल आणि मेमरी काठोकाठ. प्रोसेसर निम्मा रिकामा बसलेला असेल. म्हणजे माणूस दमलेला नाही, त्याच्या हाताला माल पोचत नाही.

साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, तेही फाइल सलग असली तर. साटा एसएसडी पाचशे, आणि बोर्डावर थेट बसणारी एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढं. त्या बोर्डावर एम-टूचा खाचा आहे, मी तो कधी वापरला नाही. तिथं एक टीबीची एनव्हीएमई बसव. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू लग्न एवढंच तिच्यावर ठेव, हातावेगळी झालेली कामं जुन्या डिस्कवर हलव. या एकाच कामानं मशीन बदलल्यासारखं वाटेल.

रॅमची गोष्ट आकड्यात बघ. आपलं अल्बमचं शीट १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय. म्हणजे ३६०० गुणिले १०८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. रंगाचे तीन बाइट धरले तर एकच लेयर ११७ एमबीची. तू विकतच्या पीएसडी वापरतोस, एकेकीत बारा-पंधरा लेयरी, वर चार शीटं एकदम उघडी, मागं ब्राउझरवर गाणी. आठ जीबीत हे मावत नाही, मग फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं, आणि डिस्क ती तशी. सोळा तर करच, फोर-केचं मिक्सिंग रोज असेल तर बत्तीस. या बोर्डाला डीडीआर-४ लागते, दुकानदारानं डीडीआर-५ पुढं केली तर तिची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. आणि एक सोळाची पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन जोडीनं लाव, दोन्ही वाटांनी डेटा जातो. सध्या रॅमचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढून घेतलाय. म्हणून गरजेपुरती घे, साठवू नकोस.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. तुझा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, विंडोज ११ घेतो. बायोसमध्ये टीपीएम चालू करावं लागेल, ते मी करून देईन. सातव्या पिढीचा असता तर मीच तुला नवं घे म्हटलं असतं.

व्हिडिओबद्दल मात्र तुझा समज फार चुकलाय. 'मोठं ग्राफिक कार्ड म्हणजे मिक्सिंग पळतं' हे गेम खेळणाऱ्यांचं गणित. आपली फूटेज एच-२६४ मध्ये दाबून भरलेली असते, ती उलगडायचं काम इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेला क्विक सिंकचा भाग करतो. आपलं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर एडिअस त्याच्यावर चांगलं चालतं. म्हणून पुढंमागं नवा प्रोसेसर घेशील तेव्हा नावाच्या शेवटी 'एफ' आहे का ते बघ. १२४०० आणि १२४००एफ शेजारी शेजारी ठेवलेले असतात, एफवाला थोडा स्वस्त, आणि त्यात हा भागच बंद असतो. दुकानदार खोटं बोलत नाही, 'ग्राफिक कार्ड लावताय ना, मग काय फरक?' म्हणतो. गेमवाल्याला फरक नाही, आपल्याला आहे.

तू एडिअसवर राहणार की दा विंचीवर जाणार हे आधी ठरव, कारण त्यावर पैसा कुठं घालायचा ते ठरतं. दा विंची बराचसा भार ग्राफिक कार्डावर टाकतं, तिथं कार्ड आणि त्याची मेमरी लागते. त्याची फुकटची आवृत्ती ८ बिटची फूटेज अल्ट्रा एचडीपर्यंत, ६० फ्रेमपर्यंत चालवते, गावच्या लग्नाला ती भरपूर झाली. तुझा कॅमेरा ८ बिटच देतो. उद्या १० बिट ४:२:२ देणारा घेतलास तर मात्र हा डबा अडेल. ती फूटेज एच-२६५ मधली असेल तर ती उलगडायला इंटेलचा अकराव्या पिढीपासूनचा क्विक सिंक लागतो, एनव्हिडियाकडं ते २०२५च्या ५० मालिकेपासूनच आलं. म्हणून कॅमेरा आणि कॉम्प्युटरचा विचार एकत्र करायचा. एक कॅमेरा घेऊन घरी आल्यावर फूटेज हलत नाही म्हणून रडणारी पोरं मी पाहिलीत.

तोवर प्रॉक्सी कर. रात्री झोपताना सगळ्या क्लिपांच्या हलक्या नकला बनवायला लाव, सकाळी त्यांच्यावर मिक्सिंग कर, एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर मूळ फाइल उचलतं. तुला हे कमीपणाचं वाटतं हे मला माहीत आहे. मोठमोठ्या सिनेमांचं संकलनही असंच होतं.

यंत्र आधी पारखायचं कसं ते बघ. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. लगेच 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला नाही. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप महिनाभर टिपून 'अंकुराची वाढ' केली. यंत्र चालतं का, आपल्याला चालवता येतं का, ते त्यात कळलं, आणि ती बघून भांडवलही मिळालं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात फिल्मला भोकं पाडत होत्या. तुझा वाटाणा म्हणजे तुझ्याच कॅमेऱ्याची पाच मिनिटांची क्लिप. कोणतंही मशीन बघायला गेलास, बीड असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तर ती पेनड्राइव्हवर घेऊन जा. तीन ट्रॅक एकावर एक लाव, रंग चढव, डिझॉल्व्ह टाक आणि चालव. जो दुकानदार एवढं करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस.

लॅपटॉपबद्दल एकच सांगतो. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली पंखासुद्धा गरम वारा सोडतो, आणि जिनिंग सुरू झाली की रुईचे तंतू गावभर उडतात. मागच्या हंगामात माझं मशीन एक्स्पोर्टमध्ये सत्तर टक्क्यांवर तीनदा बंद पडलं. उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली हीट सिंकवर रुईची गादी साचली होती, बोटानं सोलून निघाली, निरांजनाच्या वातीसारखी. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, अर्ध्या तासात काम झालं. हेच लॅपटॉपमध्ये झालं तर दहा स्क्रू, पट्ट्या आणि संभाजीनगरची फेरी. बऱ्याच लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. तुला फिरतीवर मिक्सिंग करायचं नाही, तुझं टेबल घरातच आहे. डबाच ठेव, आणि दर दोन महिन्यांनी उघड.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

हिशेब कर. तुझा कॅमेरा १०० एमबीपीएसनं लिहितो. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. हळद आणि लग्न मिळून दोन कॅमेरे पाच-पाच तास, झाले ४५० जीबी. तुझ्या एक टीबीत दोन लग्नं मावतात, आणि वहीत सात आहेत. मग तू काय करणार? जागा करायला जुनं उडवणार. पुण्यामुंबईचा स्टुडिओ महिन्याभरात अल्बम देऊन मोकळा होतो. आपलं गिऱ्हाईक तसं नाही. वैशाखात लग्न होतं, दसरा-दिवाळीला घर ऊसतोडीला साखर कारखान्याला जातं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परत येतं. तेव्हा हातात पैसे असतात, तेव्हा उरलेली रक्कम देऊन अल्बम आणि पेनड्राइव्ह नेतात. आपल्याला डेटा वर्षभर सांभाळावा लागतो.

मी एकदा सांभाळला नाही. एकच डिस्क होती, तिच्यातून टिकटिक आवाज येत होता, आणि मी हंगाम संपल्यावर बघू म्हणून चार आठवडे ढकलले. एका सकाळी ती दिसेनाशी झाली. त्यात एका ऊसतोड कुटुंबाच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. एप्रिलात तिचा बाप आला, खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढून टेबलावर ठेवले. मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, 'निदान पाठवणीचं तरी?' माझ्याकडं लॅबला आधी गेलेले चाळीस फोटो होते, व्हिडिओचा एक सेकंदही नव्हता. मी पैसे परत त्याच्याकडं सरकवले, तर त्यानं फोटोंचे म्हणून त्यातले हजार रुपये ठेवून दिले. त्या वर्षी मी दोन चार-टीबीच्या डिस्क घेतल्या, त्या आधी कोणी सांगूनही घेतल्या नव्हत्या.

तेव्हा नियम असा. लग्नाच्या रात्री कितीही दमलास तरी कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायचं. दोन फोल्डर एकाच डिस्कवर, याला दोन प्रती म्हणत नाहीत. दुसरी डिस्क कॉम्प्युटरजवळ ठेवायची नाही, आक्काच्या कपाटात ठेव. दोन्हीवरून एकेक क्लिप उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आणि यूएसबी ३ चा कार्ड रीडर घे. जुन्या रीडरवर ६४ जीबीला अर्धा तास जातो, नव्यावर बारा मिनिटं. बाराच मिनिटं लागत असली की माणूस झोपायच्या आधी ते काम उरकतो.

वीज तुला माहीतच आहे. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की दिवा पिवळा पडतो. ६०० व्हीएच्या यूपीएसवर आत ३६० वॉट लिहिलेलं असतं, ते वाच. आत्ताच्या डब्याला तो चालेल, ग्राफिक कार्ड लावलंस तर हजाराच्या पुढचा लागेल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असशील तर मागचं बटण यूपीएसकडं कर. अर्थिंग वायरमनकडून तपासून घे. एसएमपीएसवर पैसे वाचवू नकोस, तो जळताना एकटा जळत नाही.

मॉनिटर आयपीएस आणि पूर्ण एसआरजीबी दाखवणारा घे, पण ते पुढच्या हंगामात. तोवर नवं शीट लॅबला जायच्या आधी एक छोटी प्रिंट मागव आणि पडद्याशेजारी धर. जांभळा शालू निळा छापून आला की नवरीच्या आईला आधी तेच दिसतं.

हे सगळं, म्हणजे एनव्हीएमई, रॅम, दोन डिस्क, रीडर, यूपीएस, त्या कोटेशनच्या निम्म्यातही होतं, आणि सातातल्या तीन लग्नांच्या ॲडव्हान्समधून रोख देता येतं. मार्गशीर्ष-पौषात काम करून बघ. वही भर. त्यानंतरही प्रोसेसर शंभरला टेकत असेल तर उन्हाळ्यात नवं मशीन आपण दोघं मिळून घेऊ, निम्मे पैसे मी घालतो.

येत्या रविवारी डबा घेऊन गेवराईला ये. एसटीत मांडीवर धर, सीटखाली ठेवू नकोस, हार्ड डिस्क आतच आहे. येताना त्या डिस्कवर कोणाकोणाची लग्नं आहेत त्याची यादी करून आण, आधी ती उतरवून घेऊ, मग स्क्रू उघडू. तोवर हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस.

आक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा