पडली तरी मोडू नये अशी

भाच्या, तिशी ओलांडल्यावर बीएमएक्स शिकायची म्हणतोस, तर खुशाल शीक. वयाचा विचार डोक्यातून काढून टाक. इंग्लंडची शार्लट वर्दिंग्टन हॉटेलात स्वयंपाकाचं काम करायची आणि पायाने ढकलायची छोटी स्कूटर खेळायची. बीएमएक्सकडे वळली ती विसाव्या वर्षी. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल बीएमएक्स पहिल्यांदा आली, तेव्हा पहिल्या फेरीत ती पडली आणि दुसऱ्या फेरीत सुवर्णपदक घेऊन गेली. पडणं या खेळात धरलेलंच आहे. म्हणून सायकल निवडताना एवढंच बघ, की तू पडलास तरी ती मोडता कामा नये. पुढचं सगळं त्याच्याच पोटातलं आहे.

१. चांदवड असो, मनमाड असो की नाशिक, दुकानात जाऊन नुसती ‘वीस इंची बीएमएक्स’ मागू नकोस — वीस इंच हे चाकाचं माप, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराच्या सायकलीलाही तेच चाक असतं. दुकानदार तुला फसवत नाही. तूच अर्धं विचारलेलं असतं.

२. तुझं माप आडव्या दांड्यात आहे; हँडलखालच्या नळीच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या मध्यापर्यंत टेप धर. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास असेल तर २० ते २०.२५ इंच, साडेपाच फुटांच्या आसपास २०.५, पावणेसहा ते सहा फुटांना २०.७५ ते २१, त्याहून उंच असशील तर २१ च्या पुढे — दांडा आखूड पडला की गुडघे हँडलला लागतात, फार लांब झाला की पुढचं चाक उचलायला जड जातं.

३. सीटवर बसून सायकल जोखू नकोस, दोन्ही पायडलवर उभा राहून हँडल डावी-उजवीकडे वळवून बघ — ही सायकल उभ्याने चालवायची असते, सीट मुद्दाम खाली ठेवलेली असते. घरी आणल्यावर सीट वर ओढायचा मोह होईल. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्यापुढे जाऊ नकोस.

४. शर्यतीची बीएमएक्स आणि फ्रीस्टाइलची बीएमएक्स दोन वेगळ्या, तुला दुसरी हवी आहे — २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला आली ती शर्यतीची. ती वजनाला हलकी, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची आणि मातीच्या ट्रॅकवर पळण्यासाठी बनवलेली. काँक्रीटवर रोज आपटून घेणं हे तिचं काम नाही.

५. उंच असशील आणि कंबर कुरकुरत असेल, तर २४ इंची चाकाचीही एकदा चालवून बघ — मुरमाच्या वाटेवर ती जास्त स्थिर राहते. कसरती मात्र तिच्यावर सावकाश जमतात.

६. फ्रेमवर ‘क्रोमोली’ लिहिलेलं दिसलं की लगेच हुरळू नकोस, कोणकोणती नळी क्रोमोलीची ते विचार — बऱ्याच स्वस्त सायकलींत फक्त खालचा तिरका दांडा त्या पोलादाचा असतो, बाकी सगळं साधं हायटेन पोलाद. ‘४१३०’ हा आकडा क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा. ते तेवढ्याच ताकदीला पातळ चालतं, म्हणून सायकल हलकीही राहते. पूर्ण क्रोमोली परवडली तर उत्तम. नाही परवडली तर निदान तिन्ही मुख्य दांडे, पुढचा चिमटा आणि क्रँक एवढे तरी त्याचे असू देत. आमच्याकडे म्हण आहे: रंग बघून घेतली, गंज बघून विकली.

७. आता खाली वाकून क्रँक बघ, आणि इथे घाई करू नकोस. पोरांच्या सायकलीत एकच सळई दोन ठिकाणी वाकवून आरपार घातलेली असते, त्याला एकसंध क्रँक म्हणतात. मोठ्या माणसाच्या सायकलीला तीन भागांचा क्रँक हवा, म्हणजे मधला एक्सल वेगळा आणि दोन्ही हात वेगळे — सत्तर किलोचं माणूस ओट्यावरून दाणकन खाली उतरलं की एकसंध क्रँक वाकतो, आणि वाकलेला क्रँक पुन्हा सरळ होत नाही. पायडल काढून आटे मोजले तरी ओळख पटते: एकसंध क्रँकला अर्ध्या इंचाचे, तीन भागांच्याला नऊ-सोळांश इंचाचे.

८. पायडलचं निघालंच आहे तर हेही ऐक: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात — ते नेहमीसारखं आवळायला गेलास तर क्रँकचे आटे खराब होतात, मग अख्खा हात बदलावा लागतो. पायडल प्लॅस्टिकचेच घे. लोखंडी खिळ्यांचे पायडल नडगी सोलून काढतात.

९. मागच्या चाकाचा एक्सल १४ मिलिमीटरचा, रिम दुहेरी भिंतीची, स्पोक ३६ आणि बेअरिंग सीलबंद — सुट्या छर्ऱ्यांच्या हबमध्ये आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा शिरतो आणि चाक कुरकुरायला लागतं. पुढचा एक्सल १० मिलिमीटरचा चालतो, कारण आपटण्याचा मुख्य भार मागच्या चाकावर येतो.

१०. पुढचं दातेरी चक्र इवलंसं दिसलं म्हणून नाक मुरडू नकोस — जुन्या पद्धतीत पुढे ४४ आणि मागे १६ दात असायचे, आता २५ आणि ९. दोन्हींचा हिशोब जवळपास सारखाच येतो. लहान चक्र कठड्याला घासत नाही, एवढाच काय तो फरक. पण या सायकलीवर नाशिक गाठायचं मनात आणू नकोस. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर पार केली. लांब पल्ल्याचं वेड असेल तर त्यासाठी वेगळी सायकल घ्यावी.

११. मागचा ब्रेक असलेलीच घे, आणि तो काढून ठेवू नकोस — ब्रेकशिवायची सायकल दुकानात देखणी दिसते, पण आपलं चांदवड डोंगराच्या पायथ्याला आणि मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला आहे. चाक थांबेल तर पाय चालेल.

१२. फ्रीकोस्टर हब, हँडल गरागरा फिरवता यावं म्हणून लावलेला गायरो, एक्सलच्या टोकांना लावायचे चारी पेग — यातलं पहिल्या वर्षी काहीही नको. मागे जाताना पायडल स्थिर राहण्याचं सुख कळायला आधी पुढे नीट जाता आलं पाहिजे.

१३. पैशांचे चार वाटे कर, तीन सायकलीला आणि एक हेल्मेट, गुडघा-कोपराचे पॅड आणि सपाट तळाच्या बुटांना — हा चौथा वाटा नंतर घेऊ म्हटलं की तो घेतलाच जात नाही. मोटारसायकलचं हेल्मेट नको, ते जड असतं आणि उन्हात डोकं शिजवतं. सायकल-स्केटिंगचं घे, आतल्या चिठ्ठीवर ‘ईएन १०७८’ सारखं प्रमाण लिहिलंय का बघ. डोकं जोरात आपटलं तर हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदल — आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा उपयोगाचा नसतो.

१४. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, हे दर खेपेला बघ. उघडी नळी पडताना मांडीत किंवा पोटात घुसते. दहा-वीस रुपयांचं बूच, पण या खेळातली एक फार वाईट दुखापत तेच टाळतं. हा मुद्दा मी सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगतो, तुलाही सांगतो: बुचं बघ.

१५. जुनी मिळत असेल तर जरूर घे, पण ओल्या फडक्याने हँडलखालच्या नळीची खालची बाजू पूस आणि वेल्डिंगच्या कडेने बोट फिरव — धूळ गेली की रंगात केसाएवढी चीर दिसते, आणि रंग चिरला म्हणजे बहुधा खालचं पोलादही ताणलेलं असतं. मग सायकल उलटी करून चाकं फिरव, क्रँक धरून आडवा हलव. हातात खुळखुळ लागली तर भाव करण्यापेक्षा घरी ये. विकणाऱ्याच्या तोंडची हवा टायरात भरत नाही.

१६. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास जाड असू दे, हवा टायरच्या भिंतीवर लिहिल्याप्रमाणे — मातीत थोडी कमी चालते, काँक्रीटवर जास्त हवी. व्हॉल्व्ह बहुतेक मोटारसायकलसारखाच असतो, त्यामुळे महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. फक्त ट्रकची हवा थोडी थोडी सोडायला सांग, ट्यूब लहान असते.

१७. शिकायला सपाट, मोकळी आणि विचारून घेतलेली जागा निवड, बाजार समितीचं आवार सुट्टीच्या दिवशी किंवा शाळेचं मैदान — परवानगी घेतली की लोक हटकत नाहीत, उलट कुणी तरी पाणी आणून देतं. रंगमहालाच्या पायऱ्या बघून चाक शिवशिवेल. ती अहिल्याबाईंच्या वेळची होळकरांची वास्तू आहे, तिथे चाक टेकवू नकोस. राहुड घाटाचा उतार तर मनातही आणू नकोस, तिथे ट्रक उतरत असतात.

१८. पिशवीत १५ चा पाना, १७ चा पाना, ६ ची एलन की आणि एक कोरडं फडकं ठेव — पुढच्या चाकाचे नट बहुधा १५ चे, १४ मिलिमीटरच्या मागच्या एक्सलचे १७ चे. निघण्याआधी चारही नट आणि हँडलचे बोल्ट तपास. ज्याचा नट सैल, त्याचा दात सैल.

आणि नवी सायकल आठ दिवस चालली की स्पोक बसतात, चेन ढिली पडते आणि चाक आऊट होतं. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी ती माझ्याकडे घेऊन ये, आपण चाकाचा आऊट काढू आणि चेन ओढून घेऊ. येताना हेल्मेट डोक्यावर असू दे, हँडलला अडकवलेलं नको.