गळ अडकला तर तंगूस कापा

धरणाच्या पाण्यात गळ कशात अडकला, तर तंगूस कापून टाकावा. थोड्याशा पैशांचा गळ आणि शिसं सोडवायला कुणीही पाण्यात उतरू नये, पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. आमच्या मित्रमंडळींत आता गळ पिशवीतून निघण्याआधी हे बोललं जातं. का, ते सांगतो.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एकाच शाळेतले. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, पण भेटलो की नववी-दहावीतलीच नावं चालतात. फेब्रुवारीत पवना धरणाच्या काठी तंबूत राहायचं ठरलं. समोर तुंग, एका अंगाला तिकोना, मागे लोहगड आणि मध्ये निवांत पाणी. गळ टाकून बसलेली माणसं एकमेकांकडे न बघता बोलतात. त्यामुळे फोनवर जे कधी निघत नाही, ते तिथं निघतं. मुलाची नोकरी, बायकोचं आजारपण, भावकीतला वाद. मासे मिळोत न मिळोत, त्या बोलण्यासाठी अशा सहली व्हायलाच हव्यात, असं माझं आजही मत आहे.

दिवस कलता कलता एकाचा गळ अडकला. ओढून सुटेना. आमच्यात एकजण आहे, त्याला शाळेपासून आम्ही ‘पाणबुड्या’ म्हणतो. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून आम्ही विहिरीत पोहायला शिकत होतो, तेव्हा हा काठावरून सूर मारून तळाची माती वर आणायचा. तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून म्हणाला, “थांब रे, सोडवतो.” त्याला कुणी अडवलं नाही, कारण आमच्या डोळ्यांसमोर तो विहिरीतला मुलगा होता. छप्पन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेणारा, कित्येक वर्षांत पोहायला न गेलेला माणूस कुणालाच दिसत नव्हता.

विहीर वेगळी आणि धरण वेगळं. विहिरीचा काठ, पायऱ्या, खोली सगळं आपल्याला ठाऊक असतं. धरणाच्या पाण्याखाली मात्र एक अख्खा मुलूख बुडालेला असतो. पवनेच्या पोटात भातखाचरं आहेत, बांध आहेत, जुने ओढे आहेत, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत. वाघेश्वराचं प्राचीन मंदिर वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. एवढं देऊळ जिथं दिसेनासं होतं, तिथं बुंधा कसा दिसणार? खाचरांचा उतार टप्प्याटप्प्यानं असतो. म्हणून गुडघाभर पाण्यात दहा पावलं चालल्यावर अकराव्या पावलाला बांध संपतो आणि पाणी एकदम गळ्याशी येतं. शिवाय पावसाळ्यानंतर पाणी जसजसं खाली जातं, तसतसा ओला गाळ उघडा पडत जातो. वरून तो वाळल्यासारखा दिसतो, पण पाय ठेवला की पोटरीपर्यंत जातो आणि उपसायला गेलं की दुसरा पाय आणखी रुततो.

पाणबुड्याचं नेमकं हेच झालं. एक पाय गाळात, दुसरा बांधाच्या पलीकडे. त्यानं हाक मारली नाही. हात आडवे पसरून तो पाणी खाली दाबत होता आणि तोंड क्षणभर वर, क्षणभर खाली होत होतं. आमच्यातल्या एकाला वाटलं, तो गंमत करतोय. बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो, हे आपण सिनेमात पाहिलेलं असतं. खरं तर त्याला श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कुठून? शरीर पाण्यात उभं राहतं, मान मागे कलते आणि ही झटापट बहुधा 20 ते 60 सेकंदांत संपते. पाण्यात उतरलेला बोलता माणूस गप्प झाला, तर लगेच त्याला हाक मारा. उत्तर आलं नाही, तर तो बुडतो आहे असं समजून पुढची हालचाल करा.

आमच्यातले दोघं पाण्यात धावणार, एवढ्यात तंबूवाल्याकडचा पोरगा ओरडला, “काका, आत नका उतरू कुणी!” त्यानं पाण्याची रिकामी कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधली आणि फेकली. पहिल्यांदा ती लांब पडली, दुसऱ्यांदा हाताशी गेली. पाणबुड्यानं ती छातीशी धरली आणि आम्ही काठावर आडवे होऊन दोरी ओढली. गावातल्या त्या पोराला जे माहीत होतं, ते प्रत्येकाला माहीत हवं. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या मानेला मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून आधी काठी पुढे करायची, ती पोचली नाही तर दोरी किंवा तरंगणारं काहीतरी फेकायचं. माणसानं आत जायचं नाही. बंद झाकणाची रिकामी कॅन आणि पंधरा-वीस मीटर दोरी काठावर हाताशी ठेवा, गाडीच्या डिकीत नको.

तो शुद्धीवर होता, खोकत होता. कुणीतरी त्याला पालथं घालून पोट दाबायला निघालं. तसं करू नका. त्यानं पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. शुद्ध आणि श्वास दोन्ही ठीक असतील, तर कुशीवर झोपवा, ओले कपडे काढा, घोंगडी पांघरा. श्वास थांबला असेल, तर एकानं 112 किंवा 108 ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं नाक धरून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध दाब. 30 दाबांमागे 2 श्वास, मदत येईपर्यंत. बुडालेल्याच्या शरीरात प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून नुसत्या दाबांवर भागवायचं नाही. हे पुस्तक वाचून जमत नाही, एकदा शिकून हातानं करून बघावं लागतं.

पाणबुड्या तासाभरात चहा मागू लागला. “मी ठीक आहे रे, उगाच कशाला दवाखाना,” असं त्याचं चाललं होतं. आम्ही ऐकलं नाही, ते बरं झालं. फुप्फुसात पाणी गेलं असेल, तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. डॉक्टरांनी त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं आणि पहाटे थोडा वेळ प्राणवायू लावावा लागला. तंबूत झोपला असता तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तंबूचं निघालंच आहे, तर आणखी एक. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्याला तो जागंही करत नाही. जास्तीची घोंगडी आणा आणि शेकोटी बाहेरच राहू द्या.

मासेमारीला निघण्याआधी स्थानिक मच्छीमारांना विचारा. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे त्यांची परवानगी घेणं हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यातच आपलाही फायदा आहे. बुंधे कुठं आहेत, बांध कुठं संपतो, गाळ कुठं धरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ग्लास भरायचे असतील, तर गळ गुंडाळून झाल्यावर, पाण्यापासून लांब.

आता आम्ही गाडीत बसण्याआधी एका कागदावर लिहून घेतो. कोण कुठली गोळी घेतो, कुणाला स्टेंट आहे, कुणाची साखर खाली जाते, कोण शेवटचं कधी पोहलं, घरी फोन कुणाला करायचा. पहिल्यांदा लिहिताना सगळे अवघडले होते. एकाला बायपास झालेली होती आणि ती आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. हा कागद आता जो गाडी चालवतो त्याच्या खिशात असतो, आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे व फोनला रेंज कुठं मिळते, हे तंबू ठोकण्याआधी तोच बघून येतो.